यकृतातील संघर्ष आणि चंडीगडचा धडा : हिपॅटायटिस ‘सी’, प्रतिकारशक्ती आणि सार्वजनिक आरोग्य

*हिपॅटायटिस ‘सी’ हा केवळ यकृताचा आजार नाही. या विषाणूविरुद्ध शरीर जी झुंज वर्षानुवर्षे देत राहते, तिचे पडसाद त्वचा, सांधे, मज्जातंतू आणि मूत्रपिंडापर्यंत उमटतात. ही झुंज समजून घेतल्याशिवाय राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचे महत्त्व आणि त्यापुढील आव्हाने ध्यानात येणार नाहीत. चंडीगड येथील संस्थेच्या मार्गदर्शनाखाली पंजाबमध्ये झालेल्या प्रयोगाच्या आधारे या विषयाचा घेतलेला हा परामर्श.*

सार्वजनिक आरोग्याच्या अर्थशास्त्रात एक प्रश्न सातत्याने विचारला जातो. मर्यादित निधी कोणत्या आजारावर, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या मार्गाने खर्च करावा? या प्रश्नाचे उत्तर केवळ अंदाजपत्रकातील आकड्यांतून मिळत नाही. आजार शरीरात कसा वाढतो, तो किती काळ लपून राहतो, शरीर त्याला कसे उत्तर देते आणि ते उत्तर कोठे अपुरे पडते, हे ठाऊक असेल तरच धोरणाची दिशा योग्य राहते. हिपॅटायटिस ‘सी’ हे याचे अत्यंत बोलके उदाहरण होय. या आजारात यकृताची हानी मुख्यत्वे विषाणू करीत नाही. ती विषाणूशी लढणाऱ्या आपल्याच प्रतिकारयंत्रणेकडून होते. या एका वस्तुस्थितीतून अनेक धोरणात्मक निष्कर्ष निघतात.

आजाराची व्याप्ती

हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. तो घडवून आणणाऱ्या प्रमुख विषाणूंचे ए, बी, सी, डी आणि ई असे पाच प्रकार आहेत. ए आणि ई हे मुख्यत्वे दूषित पाणी व अन्नातून पसरतात आणि बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांत बरे होतात. पावसाळ्यात गावोगावी येणारी काविळीची साथ बहुधा त्यांचीच असते. बी, सी आणि डी मात्र रक्ताच्या संपर्कातून पसरतात व शरीरात दीर्घकाळ ठाण मांडू शकतात.

‘सी’ विषाणूचा शोध १९८९ मध्ये लागला. तोवर हा आजार ‘ए नव्हे, बी नव्हे’ अशा नकारात्मक नावानेच ओळखला जात असे. या शोधाशी निगडित कार्यासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोकांना दीर्घकालीन हिपॅटायटिस ‘सी’ होता. त्यांपैकी सुमारे ५५ लाख भारतात होते.

पंजाब राज्यात ही समस्या विशेष तीव्र आहे. २०१३-१४ मध्ये तेथे झालेल्या राज्यव्यापी पाहणीत ३.६ टक्के लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, तर २.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रत्यक्ष विषाणू आढळला. २०११ च्या जनगणनेतील २ कोटी ७७ लाख लोकसंख्येला हे दुसरे प्रमाण लावल्यास बाधितांची संख्या ढोबळमानाने ७ लाखांच्या घरात जाते. असुरक्षित इंजेक्शने, निर्जंतुक न केलेली वैद्यकीय व दंतवैद्यकीय उपकरणे आणि सुईवाटे घेतली जाणारी अमली द्रव्ये ही या प्रसारामागील प्रमुख कारणे मानली जातात.

वरील दोन आकड्यांमधील फरक विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. प्रतिपिंडे असणे म्हणजे विषाणूचा कधी तरी संपर्क आला असणे. आजार आजही चालू आहे किंवा नाही हे विषाणूच्या आर.एन.ए. चाचणीनेच कळते. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के व्यक्तींचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत उपचाराविना विषाणूला हद्दपार करते. उरलेल्या सुमारे ७० टक्क्यांमध्ये आजार दीर्घकालीन होतो. काहींचे शरीर यशस्वी का होते आणि बहुसंख्यांचे अपयशी का ठरते, या प्रश्नाचे उत्तर यकृताच्या जडणघडणीत दडलेले आहे.

यकृत : सहिष्णू अवयव

यकृताला दोन वाटांनी रक्तपुरवठा होतो. सुमारे एक चतुर्थांश रक्त यकृत-धमनीतून, तर सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका शिरेतून येते. या दुसऱ्या वाटेने अन्नातील असंख्य परकीय पदार्थ आणि आतड्यातील जीवाणूंचे अंश अहोरात्र यकृतात येत असतात. प्रत्येक परक्या कणाविरुद्ध यकृताने युद्ध पुकारले असते, तर जेवणागणिक त्याचा दाह झाला असता. म्हणून निसर्गाने या अवयवाला सहिष्णुता बहाल केली आहे. यकृतातील कुप्फर पेशी, सूक्ष्म रक्तमार्गांचे अस्तर असलेल्या पेशी आणि इतर घटक एकीकडे रक्त गाळतात, तर दुसरीकडे प्रतिकारपेशींना संयम राखण्याचे संकेत देतात. इतर अवयवांच्या तुलनेत प्रत्यारोपित यकृत शरीर अधिक सहजतेने स्वीकारते, त्यामागेही हाच गुणधर्म आहे.

याचा अर्थ यकृत निःशस्त्र आहे असा नव्हे. तेथे नैसर्गिक मारक पेशींचा मोठा साठा असतो. विषाणूचा शिरकाव होताच बाधित यकृतपेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने निर्माण करून शेजारच्या पेशींना सावध करतात. तथापि, ‘सी’ विषाणू या पहिल्याच टप्प्यावर डाव साधतो. त्याचे एक विकर, म्हणजे प्रथिने कापणारा रेणू, बाधित पेशीतील धोक्याची सूचना पुढे नेणारे प्रथिन तोडून टाकते. ज्या पेशीत विषाणू शिरला आहे, तेथूनच निघणारा इशारा असा क्षीण होतो. सहिष्णू अवयव आणि इशारा दडपणारा विषाणू यांची ही गाठ रुग्णाला महागात पडते.

थकलेले सैन्य

प्रतिकाराचा दुसरा टप्पा टी-पेशींचा. सहायक टी-पेशी लढाईचे संयोजन करतात आणि मारक टी-पेशी बाधित यकृतपेशींना हेरून नष्ट करतात. ज्यांच्या शरीरात हा प्रतिसाद प्रारंभीच जोमदार, विषाणूच्या अनेक भागांना एकाच वेळी लक्ष्य करणारा आणि टिकाऊ असतो, त्यांचीच गणना बहुधा त्या सुदैवी ३० टक्क्यांत होते.

इतरांमध्ये दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे विषाणूचे रूपांतर. या विषाणूची जनुकीय सामग्री सुमारे ९,६०० अक्षरांची आर.एन.ए. साखळी आहे. तिची नक्कल करणाऱ्या विकराला चुका तपासून दुरुस्त करण्याची क्षमता नाही. बाधित शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू निर्माण होत असल्याने किंचित वेगळी रूपे सतत तयार होतात. प्रतिकारयंत्रणेने एक रूप ओळखावे, तोवर दुसरे पुढे आलेले असते. या विषाणूविरुद्ध अद्याप लस उपलब्ध नाही, याचे एक मोठे कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे टी-पेशींचा थकवा. महिनोन्महिने, वर्षानुवर्षे तोच शत्रू समोर असल्याने या पेशींच्या पृष्ठभागावर ‘पी.डी.-१’ सारखे लगाम घालणारे रेणू वाढतात. पेशी जिवंत असतात, परंतु त्यांची मारकक्षमता ओसरते. शास्त्रज्ञ या अवस्थेला शब्दशः ‘थकवा’ असेच म्हणतात. जोडीला नियामक टी-पेशी लढाई आवरती घेण्याचे काम करतात.

येथे एक महत्त्वाचा पेच निर्माण होतो. हे थकलेले सैन्य विषाणूला संपवू शकत नाही, पण लढाई थांबतही नाही. विषाणूशी थेट संबंध नसलेल्या दाहक पेशीही रासायनिक संकेतांमुळे यकृतात ओढल्या जातात. धुमसणाऱ्या या दाहात यकृतपेशी मरत राहतात. त्यांच्या जागी यकृतातील ताराकृती पेशी कोलॅजेनचे तंतू विणू लागतात. जखम भरून काढण्याची ही स्वाभाविक क्रिया असली, तरी ती थांबत नाही, तेव्हा मऊ यकृताचे रूपांतर व्रणमय, निबर अवयवात होते. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. दीर्घकालीन आजार असलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के व्यक्तींना २० वर्षांच्या कालावधीत या अवस्थेचा धोका असतो. त्यापुढची पायरी यकृताचा कर्करोग ही असू शकते.

या संपूर्ण काळात रुग्णाला बहुधा काहीही जाणवत नाही. थोडा थकवा, कधी भूक मंदावणे, एवढेच. पंचविशीत झालेला संसर्ग पंचेचाळिशीत, म्हणजे कुटुंबाची जबाबदारी सर्वाधिक असताना, प्रकट होतो. अर्थशास्त्रीय परिभाषेत सांगायचे, तर या आजाराचा खर्च दोन दशके अदृश्य राहतो आणि मग एकदम चक्रवाढ व्याजासह वसूल होतो.

यकृताबाहेरचा वणवा : रक्तवाहिन्यांचा दाह

प्रतिकाराची तिसरी फळी बी-पेशींची. प्रतिपिंडे निर्माण करणे हे त्यांचे काम. हिपॅटायटिस ‘सी’च्या काही रुग्णांत या फळीची दिशाच चुकते आणि आजार यकृताची सीमा ओलांडतो.

विषाणूच्या आवरणावरील एक प्रथिन बी-पेशींच्या पृष्ठभागावरील ‘सी.डी.८१’ या रेणूला चिकटू शकते. विषाणू रक्तातून हटत नसल्याने बी-पेशींना अखंड चिथावणी मिळत राहते. यकृताच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत या आजाराचे एक वैशिष्ट्यपूर्ण लक्षण दिसते : प्रवेशिका शिरेच्या शाखांभोवती लसिका पेशींचे पुंजके जमलेले असतात. लसिका ग्रंथींमध्ये असावी तशी ही रचना यकृतातच उभी राहते. याच पुंजक्यांत काही बी-पेशींचे विशिष्ट वंश इतरांच्या तुलनेत भरमसाट वाढू लागतात.

अशा पेशी जी प्रतिपिंडे निर्माण करतात, त्यांतील काही विषाणूला नव्हे, तर शरीराच्या दुसऱ्या प्रतिपिंडांनाच चिकटतात. ‘आय.जी.एम.’ प्रकारच्या या प्रतिपिंडांना संधिवात घटक म्हणतात. ते ‘आय.जी.जी.’ प्रतिपिंडांशी आणि विषाणूच्या अंशांशी जोडले जाऊन मोठी संकुले बनवतात. शरीराच्या तापमानापेक्षा, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसपेक्षा, कमी तापमानात ही संकुले साका धरतात आणि पुन्हा उष्णता मिळताच विरघळतात. म्हणून त्यांना क्रायोग्लोब्युलिन, म्हणजे ‘थंडीत गोठणारी प्रथिने’, हे नाव मिळाले. दीर्घकालीन हिपॅटायटिस ‘सी’च्या निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या रक्तात ती सापडू शकतात, सुदैवाने त्यांपैकी थोड्यांनाच प्रत्यक्ष त्रास होतो.

ज्यांना तो होतो, त्यांच्यात ही संकुले लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर साचतात. तेथे पूरक प्रथिनांची साखळी कार्यान्वित होते, दाहक पेशी गोळा होतात आणि रक्तवाहिनी सुजते. पायांवर जांभळे-लाल ठिपके, सांधेदुखी आणि अशक्तपणा हे या विकाराचे त्रिकूट मेल्त्झर व फ्रँकलिन यांनी १९६६ मध्ये वर्णिले होते. तेव्हा ‘सी’ विषाणूचा पत्ताही नव्हता. १९८९ नंतर रक्तचाचण्या उपलब्ध झाल्यावरच या गूढ विकाराच्या बहुसंख्य रुग्णांमागे हाच विषाणू असल्याचे उघड झाले. दाह मज्जातंतूंच्या रक्तवाहिन्यांत पोहोचल्यास हातापायांना मुंग्या व बधिरता येते. मूत्रपिंडात पोहोचल्यास लघवीतून प्रथिने व रक्त जाऊ लागते आणि रक्तदाब वाढतो. बी-पेशींची अनिर्बंध वाढ पुढे लसिका पेशींच्या कर्करोगाचेही रूप घेऊ शकते.

अशा रुग्णांत नियामक टी-पेशींची संख्या घटलेली आढळते आणि विषाणू नष्ट झाल्यावर ती सुधारते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. ज्या पेशी लढाईला मर्यादा घालतात, त्याच कमी पडल्याने स्वतःच्या शरीरावरचा हल्ला बळावतो. म्हणजेच एकाच रुग्णात प्रतिकारशक्ती एका आघाडीवर थकलेली आणि दुसऱ्या आघाडीवर बेलगाम, अशा परस्परविरुद्ध अवस्था एकत्र नांदतात. हा या आजाराचा गाभा आहे.

निदानातील अडथळे

या जीवशास्त्राचा व्यावहारिक परिणाम असा, की रुग्ण यकृततज्ज्ञाकडे पोहोचतच नाही. पायावरील ठिपक्यांसाठी तो त्वचारोगतज्ज्ञाकडे, सांध्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे, सुजेसाठी मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जातो. रक्तात संधिवात घटक सापडल्याने संधिवाताचे निदान होऊन चुकीच्या दिशेने उपचार सुरू होण्याचाही धोका असतो. प्रत्येक भेटीचा, प्रत्येक चाचणीचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार कुटुंबावर पडतो.

क्रायोग्लोब्युलिनची चाचणीही नाजूक असते. रक्त काढल्यापासून त्यातील द्रव भाग वेगळा होईपर्यंत नमुना ३७ अंशांवर राखावा लागतो आणि नंतर तो ४ अंशांवर काही दिवस ठेवून साका तपासावा लागतो. वाटेत नमुना थंड झाला, तर प्रथिने आधीच गोठून वेगळी होतात आणि अहवाल खोटा निर्दोष येतो. छोट्या प्रयोगशाळांना ही शिस्त पाळणे अवघड जाते. याउलट, हिपॅटायटिस ‘सी’ची प्राथमिक प्रतिपिंड चाचणी स्वस्त, सोपी आणि जलद आहे. म्हणून कारण न कळणारे जांभळे ठिपके, मज्जातंतूंचा विकार किंवा मूत्रपिंडाचा दाह दिसताच ही साधी चाचणी करणे, हा शहाणपणाचा आणि काटकसरीचा मार्ग ठरतो.

औषधांची क्रांती आणि किमतीचा प्रश्न

एका बाबतीत ‘सी’ विषाणू दुबळा आहे. हिपॅटायटिस ‘बी’ किंवा एच.आय.व्ही.प्रमाणे तो पेशीच्या केंद्रकात आपला कायमचा साठा करून ठेवत नाही. त्याची नक्कल होणे रोखले, की तो समूळ संपतो. मात्र प्रदीर्घ काळ उपलब्ध असलेला उपचार, म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने व रिबाव्हिरिनच्या गोळ्या, २४ ते ४८ आठवड्यांचा, खर्चिक आणि त्रासदायक होता. इंटरफेरॉन प्रतिकारयंत्रणेला उत्तेजित करीत असल्याने काही रुग्णांत रक्तवाहिन्यांचा दाह वा मज्जातंतूंचा विकार अधिकच बळावत असे.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सोफोस्बुव्हिर या औषधाने चित्र पालटले. विषाणूच्या नक्कल करणाऱ्या विकरालाच ते रोखते. तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या, बहुतांशी १२ आठवड्यांचा कालावधी आणि ९० टक्क्यांहून अधिक यश. परंतु अमेरिकेत १२ आठवड्यांच्या एका उपचाराची जाहीर किंमत ८४,००० डॉलर, म्हणजे गोळीमागे १,००० डॉलर होती. ज्ञान अस्तित्वात आहे, परंतु गरजूच्या आवाक्यात नाही, हा पेटंटव्यवस्थेतील सनातन पेच येथे ठळकपणे समोर आला.

भारतात २००५ पासून औषधांना उत्पादन-पेटंट देण्याची तरतूद लागू झाली. तथापि, पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) अन्वये ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपास, उपचारक्षमतेत वाढ सिद्ध झाल्याशिवाय, पेटंट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस प्रकरणात हे कलम उचलून धरले. सोफोस्बुव्हिरबाबतचा अर्ज जानेवारी २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने फेटाळला. न्यायालयीन फेरविचारानंतर मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले. दरम्यान, सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय औषधनिर्मात्यांना स्वेच्छा परवाने दिले होते. अनेक उत्पादक बाजारात उतरल्याने किमती झपाट्याने घसरल्या आणि सरकारी घाऊक खरेदीने त्या आणखी खाली आणल्या. पेटंटवरील कायदेशीर मर्यादा, परवाने, स्पर्धा आणि सामूहिक खरेदी या चारही साधनांचा एकत्रित परिणाम अभ्यासण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

चंडीगडचा प्रयोग

औषध स्वस्त झाले तरी ते देणार कोण, हा प्रश्न उरतो. यकृततज्ज्ञ मोजके आणि तेही मोठ्या शहरांत. या प्रश्नाचे उत्तर चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेने शोधले. १९६२ मध्ये स्थापन झालेली आणि १९६७ पासून राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून कार्यरत असलेली ही संस्था ‘पी.जी.आय.’ या नावाने उत्तर भारतात घरोघरी परिचित आहे.

जून २०१६ मध्ये पंजाब सरकारने ‘मुख्यमंत्री पंजाब हिपॅटायटिस सी मदत निधी’ योजना सुरू केली. राज्यातील २२ जिल्हा रुग्णालये आणि ३ शासकीय वैद्यकीय महाविद्यालये अशा २५ केंद्रांवर औषधे मोफत देण्यात आली. डॉ. राधाकृष्ण धीमन यांच्या नेतृत्वाखाली पी.जी.आय.च्या यकृतरोग विभागाने जिल्हा रुग्णालयांतील सामान्य वैद्यकीय डॉक्टरांना प्रशिक्षण दिले. त्यासाठी दूरदृश्य प्रणालीद्वारे रुग्णनिहाय चर्चा करण्याची ‘एको’ पद्धत वापरण्यात आली. ही पद्धत डॉ. संजीव अरोरा यांनी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात २००३ मध्ये हिपॅटायटिस ‘सी’साठीच विकसित केली होती. रुग्णाने तज्ज्ञाकडे प्रवास करण्याऐवजी तज्ज्ञाचे ज्ञान रुग्णाच्या जिल्ह्यात नेणे, हे तिचे सूत्र.

पहिल्या सुमारे दोन वर्षांत नोंदल्या गेलेल्या ४८,०८८ रुग्णांच्या अनुभवाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार पूर्ण करून अखेरची तपासणी झालेल्यांपैकी ९१.६ टक्के विषाणूमुक्त झाल्याचे त्यात नमूद आहे. उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू न आढळणे, हा येथे यशाचा निकष आहे. यकृततज्ज्ञ नसलेले डॉक्टर, सरकारी रुग्णालये, भारतीय बनावटीची औषधे आणि तरीही असे यश, ही बाब देशापुढे एक वस्तुपाठ ठरली. २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यात तपासणी व औषधे मोफत असून २०३० पर्यंत हिपॅटायटिस ‘सी’चे उच्चाटन हे उद्दिष्ट आहे. सिऱ्होसिस नसलेल्या रुग्णांना सोफोस्बुव्हिर व डाक्लाटास्व्हिर, तर सिऱ्होसिस असलेल्यांना सोफोस्बुव्हिर व वेलपाटास्व्हिर देण्याची पद्धत त्यात अवलंबिण्यात आली. शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ३.३ या लक्ष्यातही हिपॅटायटिसचा मुकाबला समाविष्ट आहे.

धोरणासाठी धडे

प्रतिकारशक्तीच्या या कहाणीतून चार निष्कर्ष निघतात.

पहिला, वेळेचे मूल्य. हानी दाहातून साचत जाते, म्हणून विषाणू जितका लवकर नष्ट होईल तितका लाभ अधिक. विषाणू गेल्यावर बहुतेकांचा रक्तवाहिन्यांचा दाह ओसरतो. परंतु बी-पेशींचे बहकलेले वंश फार काळ पोसले गेले असतील, तर विषाणू नसतानाही क्रायोग्लोब्युलिन टिकून राहू शकतात आणि रिटुक्सिमॅबसारख्या बी-पेशींना लक्ष्य करणाऱ्या औषधाची गरज भासते. तद्वतच, सिऱ्होसिस झाल्यानंतर विषाणू गेला तरी कर्करोगाचा धोका पूर्णतः टळत नाही. अशा रुग्णांची नियमित सोनोग्राफी करावीच लागते. उशिरा दिलेले तेच औषध कमी आरोग्य विकत घेते.

दुसरा, शोधाचे महत्त्व. पंजाबमधील अंदाजे ७ लाख बाधितांच्या तुलनेत पहिल्या दोन वर्षांतील सुमारे ४८ हजार रुग्ण म्हणजे जेमतेम ७ टक्के. औषध मोफत असूनही उरलेले लोक केंद्रावर आले नाहीत, कारण आपण आजारी आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हते. लक्षणे नसलेल्या आजारात मागणी आपोआप निर्माण होत नाही. बाजाराला येथे अपयश येते आणि शासनाला पुढाकार घेऊन तपासणी करावी लागते. रक्तशुद्धीकरण केंद्रे, कारागृहे, व्यसनमुक्ती केंद्रे आणि वारंवार रक्त घ्यावे लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण येथून सुरुवात करणे किफायतशीर ठरते.

तिसरा, प्रतिबंधाला पर्याय नाही. या विषाणूचा संसर्ग बरा झाला तरी पुन्हा होऊ शकतो. एकदा मिळवलेली प्रतिकारशक्ती भरवशाचे संरक्षण देत नाही. लसही नाही. तेव्हा दूषित सुई चालू ठेवून केवळ औषधे वाटणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखे आहे. व्यावसायिक रक्तदानावर १९९८ पासून आलेली बंदी आणि २००१ पासून रक्तपेढ्यांत सक्तीची झालेली ‘सी’ विषाणूची चाचणी ही या दिशेची महत्त्वाची पावले होती. पुनर्वापर करताच न येणाऱ्या सिरिंजचा वापर, अनावश्यक इंजेक्शनांना आळा आणि वैद्यकीय कचऱ्याची शिस्तबद्ध विल्हेवाट ही त्यापुढची कामे होत. एका व्यक्तीवरील उपचार इतरांचा संसर्ग टाळतो. असा बाह्य लाभ असणाऱ्या सेवेवर सार्वजनिक खर्च करणे अर्थशास्त्राच्या कसोटीवर पूर्णतः समर्थनीय आहे.

चौथा, संघराज्यीय सहकार्य. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे आणि घटनेच्या अनुच्छेद ४७ ने ते सुधारण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे. राज्याने योजना आखावी, राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेने ज्ञान पुरवावे आणि यशस्वी प्रतिमानाला केंद्राने देशव्यापी रूप द्यावे, हा पंजाब-चंडीगडचा क्रम इतर आजारांसाठीही अनुकरणीय आहे.

समारोप

हिपॅटायटिस ‘सी’ विरुद्ध मानवी शरीर दोन प्रकारे हरते : कोठे ते लढता लढता थकते, तर कोठे स्वतःवरच उलटते. नव्या औषधांनी हे दोन्ही पराभव टाळण्याची संधी दिली आहे आणि भारतीय औषध उद्योगाने ती परवडणारी केली आहे. आता कसोटी आहे ती औषधांची नव्हे, तर लपलेल्या रुग्णापर्यंत पोहोचण्याच्या आपल्या क्षमतेची. महाराष्ट्रासह सर्वच राज्यांतील जिल्हा रुग्णालयांत ही क्षमता उभी राहिली, तरच २०३० चे उद्दिष्ट साध्य होईल. पायावरच्या चार ठिपक्यांकडे पाहून एक साधी रक्तचाचणी सुचविणारा जिल्हा पातळीवरचा डॉक्टर हाच या मोहिमेचा खरा आधारस्तंभ होय.